सरांचं एक वाक्य हाडापर्यंत कसं पोहोचतं

"वजन जरा उतरव, पाय हलका पडेल." मैदानावर हे वाक्य इतक्या सहज म्हटलं जातं की म्हणणाऱ्याला ते संध्याकाळपर्यंत लक्षातही राहत नाही. ऐकणारी मुलगी पंधरा-सोळा वर्षांची असते. सरांनी म्हटलंय, म्हणून ती त्यातला शब्द न् शब्द घरी घेऊन जाते. दुसऱ्या दिवशी ताटातला भात जातो, मग रात्रीची भाकरी जाते. आठवडा उलटायच्या आत तिच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या एका इवल्याशा भागाची लय बदलते. तिथून अंडाशयाकडे जाणारा निरोप विरळ होतो, थायरॉइडचं काम मंदावतं आणि नवं हाड घडवणाऱ्या पेशी हात आखडता घेतात. शब्दानं हाड झिजावं हे खरं वाटत नाही, पण हा मार्ग शास्त्रज्ञांनी टप्प्याटप्प्यानं मोजलेला आहे. मला त्याचं नवल अजून ओसरलेलं नाही.

हे लिहिताना डोळ्यांसमोर आहे तो वर्धा जिल्ह्यातला सेलू तालुका. नागपूर-वर्धा रस्त्यावरचं सेलू आणि आसपासची केळझर, हिंगणी, सिंदी रेल्वे ही गावं. दिवस उजाडायच्या आधी या भागातल्या रस्त्यांवर पोलीस भरतीची पोरं-पोरी धावत असतात. भरतीच्या मैदानी चाचणीला ती 'ग्राउंड' म्हणतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक, असे सगळे मिळून ५० गुण. काही सेकंद इकडेतिकडे झाले की नोकरी गेली. अशा ठिकाणी 'हलकं व्हा' हा सल्ला फॅशनचा नसतो, पोटापाण्याचा असतो, आणि म्हणूनच तो फार खोल जातो.

थंडीत कबड्डीचे सामने सुरू होतात. विदर्भातल्या गावोगावच्या स्पर्धांमध्ये खुल्या गटाबरोबर वजन गट असतो. ५५ किलोच्या गटात ५६ किलोचा खेळाडू चालत नाही. मग सामन्याच्या सकाळी पाण्याचा घोटही न घेतलेली, स्वेटरावर स्वेटर चढवून मैदानाला चकरा मारणारी पोरं दिसतात. काट्यावर चढताना अंगावर नुसती चड्डी, आणि आकडा बघायला दोन्ही संघांचे लोक वाकलेले. आकडा बसला की बाटलीभर पाणी एका दमात पोटात जातं आणि तासाभरात तेच पोर चढाईला निघतं. संघाच्या दृष्टीनं वजन जमलं, विषय संपला. शरीराच्या दृष्टीनं मात्र तो तेव्हाच सुरू झालेला असतो.

'खाण्याचा विकार' हा शब्द इथं कुणी वापरत नाही. 'डाएट चालू आहे', 'सध्या भात बंद केलाय', 'रात्रीचं सोडलं' असं म्हणतात. आई कुरकुरली तर उत्तर तयार असतं, सरांनी सांगितलंय.

आता हिशेब बघू. आपण खातो त्या अन्नातली काही ऊर्जा धावण्या-खेळण्यात जाते. उरते तिच्यावर बाकीचा संसार चालतो. हृदय, मेंदू, शरीराची ऊब, जखमा भरणं, रक्त तयार होणं, पाळी, हाडं, सगळं त्यातच. या उरलेल्या ऊर्जेला शरीरातली चरबी वगळून राहणाऱ्या वजनानं भागायचं. तरुण मुलीत दर किलोमागे ४५ किलोकॅलरीच्या आसपास उरत असेल तर कारभार सुरळीत चालतो. ३० च्या खाली गेलं की काटछाट सुरू होते.

एक मुलगी धरू, ४८ किलोची. चरबी वगळता तिचं वजन साधारण ३८ किलो. पहाटेची धाव आणि संध्याकाळचा सराव मिळून ५०० किलोकॅलरी खर्च. तिला सुखानं जगायला रोज २२०० च्या आसपास हवं. ती खाते १६००. ही उपासमार दिसत नाही. दोन वेळचं जेवण आहे, सकाळी पोहे आहेत, चहा आहे. पण १६०० मधून ५०० वजा केले की ११०० उरतात आणि त्यांना ३८ नं भागलं की २९ येतात. म्हणजे ती रेषेच्या खाली गेली आणि घरात कुणाला पत्ताही लागला नाही. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साडेतीनशेच्या आसपास किलोकॅलरी असतात. सहाशेची ही तूट दिवसभरात दोन मोठ्या भाकरींपेक्षाही कमी आहे.

ही ३० ची रेषा आली कुठून? अमेरिकेत ओहायो विद्यापीठात ॲन लाउक्स नावाच्या शास्त्रज्ञ होत्या. त्या काळी धावपटू मुलींची पाळी थांबते हे डॉक्टरांना ठाऊक होतं आणि त्याचा दोष व्यायामाच्या ताणावर टाकला जायचा. बाईच्या शरीराला एवढे कष्ट सोसत नाहीत, असा त्याचा सरळ अर्थ. लाउक्स यांनी ताण आणि भूक वेगळे करून पाहिले. पाळी नियमित असलेल्या, एरवी व्यायाम न करणाऱ्या तरुणींना त्यांनी भरपूर व्यायाम करायला लावला आणि खर्च झालेली ऊर्जा खाण्यातून पूर्ण भरून दिली. काहीही बिघडलं नाही. तेवढाच व्यायाम आणि अन्न कमी, असं करताच मेंदूचे निरोप विस्कळीत झाले. दोषी व्यायाम नव्हता, रिकामं ताट होतं. पुढे २००३ मध्ये जीन थुमा यांच्यासह त्यांनी ऊर्जा पायरीपायरीनं कमी करत नेली, तेव्हा ३० च्या खाली गडबड सुरू होताना दिसली. त्यासाठी पाच दिवस पुरले. आताचे संशोधक सांगतात की ही रेषा सगळ्यांसाठी एकाच जागी नसते. कुणाचं शरीर आधी कुरकुरतं, कुणाचं उशिरा. तरी मूळ शोध टिकून आहे, आणि मुलींनी मैदानात उतरू नये असं म्हणणाऱ्यांना इतकं नेमकं उत्तर दुसरं नाही.

बिघडलं म्हणजे नेमकं काय? मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस असतो. त्यातल्या काही पेशी तास-दीड तासाच्या अंतरानं एक संप्रेरक थेंबाथेंबानं सोडतात. त्या ठोक्यावर पिट्युटरी ग्रंथी चालते आणि पिट्युटरीच्या निरोपावर अंडाशय. आपण झोपलेलो असतो, बसमध्ये असतो, मैदानावर असतो आणि हा ठोका आत पडतच असतो. चरबीच्या पेशींतून येणारं लेप्टिन, जठरातून येणारं घ्रेलिन, रक्तातलं इन्सुलिन असे अनेक साक्षीदार मेंदूला घरात धान्य किती आहे ते कळवत असतात. साठा आटतोय असं कळलं की ठोके लांबतात. गर्भ वाढवायची ही वेळ नव्हे, असा तो निर्णय असतो. तो मुलीला विचारून घेतला जात नाही.

दुष्काळाच्या वर्षी शेतकऱ्याचं घर जसं वागतं तसं शरीर वागतं. आधी घराची डागडुजी थांबते, मग लग्न पुढं ढकललं जातं, मग बियाण्याच्या पैशाला हात लागतो, चूल मात्र पेटती ठेवली जाते. शरीरातली चूल म्हणजे हृदय आणि मेंदू. डागडुजी म्हणजे हाडं, त्वचा, केस, रोगांशी लढायची ताकद. म्हणून हातपाय थंड पडतात, नाडी मंदावते, सर्दी महिनाभर हटत नाही, नडगी दुखते ती दुखतच राहते. मंद नाडी बघून 'स्टॅमिना वाढला' असंही कुणी म्हणतं. लाउक्स यांच्याच पुढच्या कामात हाडाच्या घडणीच्या खुणासुद्धा पाच दिवसांत घसरलेल्या दिसल्या. माणसाचा हाडांचा बहुतेक साठा विशीपर्यंत जमा होतो, हे त्याच्याशेजारी ठेवून पाहावं.

यातला सगळ्यात फसवा भाग असा की सुरुवातीला वेग खरंच वाढतो. वजन दोन किलो उतरलं की ८०० मीटरची वेळ सुधारते. सरांना वाटतं सल्ला लागू पडला, मुलीला वाटतं अजून दोन उतरवू. शरीराची उधारी लगेच वसूल होत नाही. ती काही महिन्यांनी येते, नडगीत बारीक तडा जातो किंवा वेळ सुधारायची थांबते. तेव्हा या दोन गोष्टींचा संबंध कुणी जोडत नाही. उलट 'मेहनत कमी पडतेय' असं म्हटलं जातं आणि सराव वाढतो.

मुलांचीही यातून सुटका नाही. त्यांच्यात टेस्टोस्टेरॉन घटतं, झोप बिघडते, हाडं तशीच ठिसूळ होतात. पाळीसारखी ठळक खूण नसल्यामुळे त्यांचं उशिरा कळतं. १९९० च्या दशकात या प्रश्नाला 'महिला खेळाडूंची त्रयी' म्हणत. खाणं, पाळी आणि हाडं अशा तीन गोष्टी. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी त्याला 'खेळातली सापेक्ष ऊर्जा-कमतरता' असं रुंद नाव दिलं, त्यात पुरुषही आले आणि बाकीचे अवयवही.

या विषयावरचं बहुतेक संशोधन श्रीमंत देशांतलं आहे. तिथं मुलगी भरलेल्या ताटासमोरून उठते. आपल्याकडे ताटच मुळात पुरेसं भरलेलं नसतं. सेलूपासून फार लांब नसलेल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टरांनी वर्ध्याच्या ग्रामीण भागातल्या किशोरवयीन मुलामुलींची वजनं-उंच्या घेतल्या होत्या. २००६ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले, निम्म्याहून अधिक मुलं कृश निघाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी होतं. त्यातलीच एक मुलगी पहाटे धावते, येऊन पाणी भरते, शाळा करते, सुटीत कापूस वेचायला जाते आणि संध्याकाळी कबड्डी खेळते. वेचणीची ऊर्जा कोणत्याही आहारतक्त्यात धरलेली नसते.

अन्न का कमी आलं हे हायपोथॅलॅमसला कळत नाही. घरी नव्हतं म्हणून, सोमवारचा उपास होता म्हणून, आरशात मांड्या जाड दिसल्या म्हणून, की सर म्हणाले म्हणून, हे त्याच्या हिशेबात नाही. त्याला उरलेली शिल्लक तेवढी कळते. म्हणून आधीच काठावर असलेल्या मुलीला म्हटलेलं 'जरा कमी खा' हे वाक्य ओस्लोसारख्या श्रीमंत शहरापेक्षा सेलूत अधिक महाग पडतं. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीपाशी येऊन थांबतं.

महाराष्ट्राला वजनाचा हा खेळ जुना आहे, आणि सुरुवातीला तो उलटा होता. तालमीत वस्तादाचा शब्द खुराकावर चालायचा. दूध, तूप, बदाम, थंडाई. मातीतल्या कुस्तीत जोड नजरेनं लावली जाई, ग्रॅमचा प्रश्न नसे. मॅट आली तसा काटा आला आणि 'किती खाल्लंस' या प्रश्नाची जागा 'किती भरलास' यानं घेतली. तरीही आपल्याच इतिहासात एक गोष्ट लक्ष वेधून घेते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ५२ किलो गटात खेळले आणि सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत ते ५७ किलो गटात उतरले आणि स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं. बीडच्या पाटोद्याचे राहुल आवारे २०१८ ला ५७ किलोत राष्ट्रकुल सुवर्ण जिंकले, आणि त्यांचं २०१९ चं जागतिक कांस्य ६१ किलो गटातलं आहे. वरच्या गटात गेल्यामुळेच पदक मिळालं असा दावा मी करत नाही. वर जाणं म्हणजे हरणं नव्हे, एवढं मात्र यातून नक्की दिसतं.

मल्ल विनेश फोगाट यांची ती सकाळ सगळ्यांना आठवते. ७ ऑगस्ट २०२४, पॅरिस, अंतिम फेरीचा दिवस, वजन १०० ग्रॅम जास्त, म्हणून अपात्र. आदल्या रात्री केसही कापले होते, हे भारतीय पथकाचे वैद्यकीय प्रमुख, मुंबईचे डॉ. दिनशॉ पारडीवाला यांनी सांगितलं. त्या १०० ग्रॅमची चर्चा देशभर झाली. पण एका रात्रीत उतरतं ते मुख्यतः पाणी. वर्षानुवर्षं स्वतःच्या नैसर्गिक वजनाखाली राहण्याची किंमत वेगळी असते आणि ती कोणत्याही काट्यावर दिसत नाही.

प्रशिक्षकाच्या शब्दाचं वजन मोजायचा प्रयत्नही झाला आहे. १९८८ मध्ये रोझेन आणि हफ यांनी अमेरिकेतल्या ४२ महाविद्यालयीन जिम्नॅस्ट मुलींना विचारलं. दोन-तृतीयांश मुलींना प्रशिक्षकांनी 'तू जाड आहेस' असं सांगितलं होतं. त्यातल्या तीन-चतुर्थांश मुलींनी वजन कमी करण्यासाठी शरीराला घातक मार्ग धरले होते. नॉर्वेत योरून सुंडगोट-बोर्गेन यांनी देशातल्या अव्वल खेळाडूंची पाहणी केली. २००४ मध्ये छापलेल्या आकड्यांनुसार खेळाडूंमध्ये १३.५ टक्क्यांना खाण्याचा विकार होता, इतरांमध्ये ४.६ टक्क्यांना. विकार सुरू कसा झाला याचा शोध त्यांनी आधीच घेतला होता. त्यात देखरेखीशिवाय केलेलं डाएटिंग पुन्हा पुन्हा पुढं आलं, आणि ते करायला अनेकींना प्रशिक्षकांनीच सांगितलेलं होतं. अमेरिकन धावपटू मेरी केन हिनं २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितलं की वजन कमी करण्याच्या दबावाखाली तिची पाळी तीन वर्षं थांबली आणि पाच हाडं मोडली. तिचे प्रशिक्षक आल्बेर्तो सालाझार यांनी आरोप नाकारले.

कमी खाणं आणि खाण्याचा विकार या दोन गोष्टी एकच नाहीत. विकारात अन्नाचा विचार मनाचा ताबा घेतो. जेवण लपवणं, जेवणाच्या वेळा टाळणं, एकटं असताना खूप खाऊन मग ते काढून टाकणं, वजनाच्या आकड्यावर दिवस चांगला की वाईट ठरणं. आपल्याला वाटतं आधी मन बिघडतं, मग खाणं. १९४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या स्टेडियमखालच्या प्रयोगशाळेत ॲन्सेल कीज यांनी याची दुसरी बाजू पाहिली. ३६ निरोगी तरुण स्वेच्छेनं आले होते. शस्त्र हाती घ्यायला सदसद्विवेकानं नकार दिलेली ही मुलं.  चोवीस आठवडे त्यांना दिवसाला साधारण १५७० किलोकॅलरी मिळाल्या आणि आठवड्याला पस्तीसेक किलोमीटर चालणं. खाण्याशी ज्यांचं काही वाकडं नव्हतं अशी ही माणसं पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, घासभर अन्न तासभर पुरवू लागली, चिडचिडी आणि एकलकोंडी झाली. प्रयोग संपल्यावरही कित्येकांना पोट भरल्यासारखं वाटेना. भुकेनंच मन वाकवलं होतं. 'नाटकं करते' किंवा 'मनानं कमकुवत आहे' असं एखाद्या मुलीबद्दल म्हणण्याआधी हा प्रयोग आठवावा. आणि आधीच्या हिशेबातल्या मुलीच्या ताटात आलेलं १६०० पुन्हा एकदा बघावं.

नियम बदलून माणसं वाचवता येतात. १९९७ मध्ये अमेरिकेत महिन्याभरात तीन महाविद्यालयीन मल्ल वजन उतरवताना मेले, तेव्हा तिथं मोसमाआधीच किमान वजन ठरवणं, शरीरातलं पाणी तपासणं आणि वजनमाप सामन्याच्या जवळ आणणं हे सगळं सुरू झालं. बर्फावरून उडी मारण्याच्या खेळात तर मला थक्क करणारी युक्ती आहे. २००४ पासून तिथं खेळाडू उंचीच्या मानानं फार हलका असेल तर त्याला आखूड स्की वापरावी लागते, म्हणजे हवेत तरंगायचा फायदाच कमी होतो. हडकुळं होण्यातला नफा नियमानंच कापला. गावच्या कबड्डी स्पर्धेचं मंडळही वजन गटाची नोंद महिनाभर आधी घेऊन सामन्याच्या सकाळचा तो खेळ थांबवू शकतं. त्याला पैसे लागत नाहीत.

प्रशिक्षक बदलतात तेव्हा काय होतं, याचंही उत्तर नॉर्वेतूनच आलं. तिथल्या क्रीडा विद्यालयांपैकी जवळपास निम्म्या शाळांत वर्षभर एक कार्यक्रम राबवला. खेळाडूंना आहार, आत्मविश्वास आणि शरीराबद्दलची समजूत यांवर शिकवलं, आणि प्रशिक्षकांनाही बसवून शिकवलं. मारियाने मार्टिन्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये निकाल छापले. कार्यक्रम झालेल्या शाळांतल्या मुलींमध्ये खाण्याच्या विकाराची एकही नवी रुग्ण सापडली नाही. कार्यक्रम न झालेल्या शाळांत १३ टक्के मुलींना नव्यानं विकार जडला होता. औषध नाही, यंत्र नाही. मोठ्या माणसांनी बोलायची रीत बदलली, हा त्यातला मोठा भाग.

सेलूच्या ग्राउंडवर ही रीत कशी दिसेल? वजन चारचौघांत मोठ्यानं वाचलं जाणार नाही. 'किती भरलीस' ऐवजी 'धावायला यायच्या आधी काय खाल्लंस' विचारलं जाईल. मूठभर भिजवलेले चणे, गूळ-शेंगदाणे, धावून आल्यावर केळं आणि भाकर-वरण, एवढ्यानं तूट बरीच भरते. पुरुष सरांना पाळीचं विचारणं अवघड जातं हे खरं. पण संघात एखादी मॅडम किंवा गावची आशाताई असते आणि वहीत तारीख लिहायची सवय मुलींना लावता येते. सराव करणाऱ्या मुलींची पाळी थांबणं चालायचंच, हा समज आधी मोडावा लागेल. लागोपाठ तीन महिने पाळी आली नाही, नडगी दाबल्यावर एकाच ठिकाणी दुखतंय, किंवा मुलगी सगळ्यांबरोबर जेवायचं टाळतेय, यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय गाठावं. मनाचा भाग जड झाला असेल तर टेलिमानस या सरकारी मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

पुरेसं खाणं सुरू झालं की शरीर परतायला लागतं, आणि परतायचाही त्याचा एक क्रम आहे. ऊर्जेशी जोडलेली संप्रेरकं काही दिवसांत, काही आठवड्यांत सावरतात. पाळी परत यायला महिने लागतात. हाडाची घनता सगळ्यात शेवटी येते, तिला वर्षं लागतात, आणि काहींच्या बाबतीत ती पूर्ण परत येतच नाही.